कोंबडीचे पाणी आणि कुंभाराचे परळ

कोंबड्या पाळणे आपल्याला नवीन नाही. खेड्यातल्या पुष्कळ घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. त्यांची देखभाल बहुतेक घरातल्या बायाच करतात. अंडी विकून जे चार पैसे येतात, ते त्यांच्या हातचे असतात. त्यातून मुलाची वही येते, मीठमिरची येते, अडीनडीला एस. टी. चे भाडे निघते. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून कोंबडी मेली किंवा अंडी द्यायची थांबली, तर तोटा लहान दिसला तरी तो त्या बाईच्या कनवटीलाच बसतो.

कोंबड्यांच्या दाण्याची काळजी सगळे घेतात. पाण्याची काळजी फारसे कोणी घेत नाही. "परळात पाणी घातलं की झालं," असे आपण म्हणतो. पण हिवाळ्यात पहाटे त्या पाण्यात बोट बुडवून पाहा. बोट बधिर होते. उन्हाळ्यात दुपारी बोट बुडवा. पाणी चहासारखे लागते. कोंबडी दोन्ही वेळा तेथे येते, चोच बुडवते आणि मागे सरते.

एकाच परळात एकदा इतके गार आणि एकदा इतके ऊन पाणी का होते? ते आपल्याला हवे तसे ठेवता येईल का? येईल. त्याला पैसा लागत नाही. पाणी गार कशाने होते एवढे समजले पाहिजे. तेच या पाठात आम्ही सांगणार आहोत.

कोंबडीला पाणी किती लागते?

कोंबडी एका वेळी थोडेसेच पाणी पिते. तिला गुराप्रमाणे पाणी ओढून घेता येत नाही. ती चोचीत थोडे पाणी घेते, मान वर करते आणि पाणी घशाखाली उतरू देते. असे ती दिवसातून पुष्कळ वेळा करते. म्हणून पाणी दिवसभर तिच्यासमोर पाहिजे.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम दाणा खाते. पाणी मात्र दाण्याच्या दुप्पट लागते. आपण हिशेबासाठी एका कोंबडीला पाव लिटर धरू. म्हणजे दहा कोंबड्यांना दिवसाला अडीच लिटर झाले. कडक उन्हाळ्यात हेच दुप्पट होते, म्हणजे पाच लिटर.

इतके पाणी जाते कोठे? दाणा आधी कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत जातो. तेथे तो भिजतो आणि मऊ होतो. पाणी नसेल तर दाणा कोरडाच राहतो. मग कोंबडी खाणेही सोडते. दुसरे असे की, अंडे म्हणजे बहुतेक पाणीच. पन्नास ग्रॅमचे अंडे घेतले, तर त्यात सुमारे तेहतीस ग्रॅम पाणी असते. पोटात पाणी गेले नाही, तर अंड्यात ते येणार कोठून? एक दिवस जरी पाणी तुटले, तरी त्यापुढे बरेच दिवस अंडी कमी येतात.

येथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. हिवाळ्यात अंडी कमी होतात, त्याला फक्त पाणी कारण नाही. हिवाळ्यात दिवस लहान असतो. कोंबडीला अंडी देण्यासाठी उजेडही पुष्कळ लागतो. दिवस लांबवणे आपल्या हाती नाही. पाणी मात्र आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. रात्रभर ती खुराड्यात गप्प बसते. सकाळी दार उघडले की ती आधी पाण्याकडे धावते. आणि दिवसातला सर्वांत गारठा केव्हा असतो? सूर्य उगवण्याच्या सुमारास. म्हणजे ज्या वेळी कोंबडीला सर्वांत जास्त तहान लागते, त्याच वेळी परळातले पाणी सर्वांत गार असते. हिवाळ्यातली खरी अडचण ही आहे.

पाणी गार होण्याची पहिली वाट : झिरपणे

आमचे तेर गाव तेरणा नदीच्या काठी आहे. गाव फार जुने. दोन हजार वर्षांपूर्वी याला तगर म्हणत आणि येथून दूरदेशी व्यापार चाले. त्या काळच्या मातीच्या वस्तू येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत. पुढे संत गोरोबाकाका याच गावी झाले. ते कुंभार होते. तेव्हा मातीच्या भांड्याची गोष्ट तेरपासून सुरू करावी हे बरे.

मडक्यात पाणी गार का होते? भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रे असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपते. म्हणून मडके बाहेरून ओले लागते. त्या ओलाव्याची वाफ होऊन ती हवेत जाते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवरच्या पाण्याला ती जाळाकडून मिळते. मडक्याखाली जाळ नसतो. मग ती उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून आतले पाणी गार होते.

हे आपल्या अंगावरही घडते. अंघोळ करून वाऱ्यावर उभे राहिले की हुडहुडी भरते. ताप आला की कपाळावर ओली घडी ठेवतात, तीही याचसाठी. हवा कोरडी आणि वारा वाहता असेल, तर हे काम झपाट्याने होते. पावसाळ्यात हवा दमट असते. तेव्हा मडक्यातले पाणी फारसे गार होत नाही. आपल्या मराठवाड्याची हवा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोरडी असते. म्हणून येथे माठ चांगले काम देतो.

परळ म्हणजे मातीचे पसरट भांडे. तेही झिरपते. शिवाय त्याचे तोंड रुंद असते. त्यामुळे वरूनही वाफ जाते आणि खालून-बाजूनेही जाते. म्हणून परळातले पाणी लवकर गार होते.

दुसरी वाट : उघडे आभाळ

चुलीवरून तवा खाली उतरवला आणि जवळ नुसता हात धरला, तरी धग लागते. हात तव्याला लागलेला नसतो. तापलेली वस्तू आपली धग चहूकडे सोडत असते. तवा खूप तापलेला असतो, म्हणून त्याची धग आपल्याला कळते. जमीन, पाणी, झाडाचे पान हीदेखील धग सोडतात. ती थोडी असते, म्हणून कळत नाही.

दिवसा सूर्य जमिनीला उष्णता देतो. रात्री देणारा कोणी नसतो. जमीन मात्र आपली धग आभाळाकडे सोडतच राहते. आभाळात ढग असले, तर ते पांघरुणासारखे होतात आणि थोडी धग परत देतात. म्हणून ढगाळ रात्री गारठा कमी असतो. आभाळ निरभ्र असले, की धग निघून जाते आणि पहाटे हीव पडते.

हे आपण रोज पाहतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर उघड्यावर निजले, तर पहाटे घोंगडी दवाने ओली होते. तोच माणूस झाडाखाली किंवा ओसरीवर निजला, तर घोंगडी कोरडी राहते. झाडाने आणि छपराने आभाळ अडवले, एवढाच फरक. रात्री अंगणात ठेवलेले परळ उघड्यावर निजलेल्या माणसासारखेच असते. त्याचीही धग आभाळाकडे जाते.

परळात बर्फ धरला

या दोन वाटा एकत्र आल्या, तर पाणी किती गार होईल? अहो, त्याचा बर्फ होतो! ही ऐकीव गोष्ट नाही. पूर्वी बर्फाचे कारखाने नव्हते. तेव्हा उत्तर हिंदुस्थानात अलाहाबादकडे लोक अशाच रीतीने बर्फ तयार करीत. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही रीत १७७५ मध्ये छापून प्रसिद्ध केली.

ती रीत अशी होती. मोकळ्या मैदानात सुमारे दोन फूट खोल असा रुंद खड्डा खणीत. त्यात उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर पसरीत. त्या थरावर मातीची लहान लहान परळे एकमेकांना लागून मांडीत. परळ जेमतेम सव्वा इंच खोल असे, आणि झिरपणारे असे. दिवस मावळला की त्यांत पाणी घालीत. पहाटे सूर्य उगवायच्या आत जाऊन पाहत. चांगल्या रात्री परळांत बर्फ जमलेला असे. तो गोळा करून उन्हाळ्यासाठी साठवून ठेवीत.

यात नवल हे की, त्या रात्री हवा एवढी गार असावीच लागत नसे. पाणी शून्य अंशाला गोठते. पण हवा त्याहून गरम असतानाही परळात बर्फ धरे. कारण परळ झिरपत होते, त्याचे तोंड रुंद होते, पाणी उथळ होते आणि वर उघडे आभाळ होते. खाली वाळलेली ताटे कशाला? जमिनीत दिवसाची ऊब असते. ती वर परळाला लागू नये म्हणून. कडबा, पाचट, भुसा यांत स्वतःची ऊब नसते. ते फक्त ऊब जाण्यायेण्याची वाट अडवतात. पुढे याचा आपल्याला उपयोग होणार आहे.

आता आपल्या परसाकडे पाहा. कोंबडीचे परळ उथळ असते. ते झिरपते. रात्रभर ते उघड्या अंगणात असते. म्हणजे ते लोक बर्फ करण्यासाठी जे मुद्दाम करीत, ते आपण कोंबडीच्या पाण्याला नकळत करतो! तेरला पाण्याचा बर्फ होत नाही, कारण आपली थंडी तेवढी कडक नसते. पण पाणी नको तेवढे गार होते.

हिवाळ्यात काय करावे?

कारण समजले म्हणजे उपाय आपोआप सुचतो. बर्फवाले जे करीत, त्याच्या उलट करायचे.

पहिला उपाय अगदी सोपा आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की भांडे रिकामे करून पालथे घाला. कोंबडी रात्री पाणी पीत नाही, हे आपण पाहिले. मग रात्रभर पाणी गारठत कशाला ठेवायचे? भांडे धुऊन होते, त्यात घाण पडत नाही, आणि मांजर-कुत्रे तोंड घालीत नाही.

दुसरा उपाय : सकाळी आडाचे किंवा हापशाचे ताजे पाणी घाला. हिवाळ्यात पहाटे आडातून वाफा निघताना आपण पाहतो. ते पाणी हाताला कोमट लागते. उन्हाळ्यात तेच पाणी गार लागते. खरे पाहता आडाचे पाणी वर्षभर जवळजवळ सारखेच असते. खोल जमिनीत हिवाळा-उन्हाळा फारसा पोचत नाही. बदलते ती बाहेरची हवा. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी आड म्हणजे कोमट पाण्याचा फुकटचा बंबच समजा. नळाचे किंवा टाकीचे पाणी रात्रभर गारठलेले असते. ते द्यायचे असेल, तर त्यात थोडे गरम पाणी मिसळा. हाताला कोमट लागले की पुरे. कढत नको.

तिसरा उपाय : हिवाळ्यात झिरपणारे परळ बाजूला ठेवा. चिनीमातीचे, प्लॅस्टिकचे किंवा इतर न झिरपणारे भांडे घ्या. ते जरा खोल असावे. उथळ पाणी लवकर गारठते, खोल पाणी उशिरा. पण कोंबडीची चोच पाण्याला सहज पोचली पाहिजे.

चौथा उपाय : भांडे छपराखाली ठेवा, वाऱ्याच्या आडोशाला. पूर्वेकडची जागा असली तर उत्तम. कोवळे ऊन लवकर येते आणि कोंबड्याही तेथे जमतात. भांडे पाटीत ठेवून भोवती पाचट किंवा भुसा दाबून भरला, तर पाण्याची ऊब अधिक वेळ टिकते. पाचट ऊब अडवते, हे वर सांगितलेच आहे. पाचट ओले झाले तर बदला. ओले पाचट ऊब धरीत नाही.

पिल्लांना जास्त जपा

मोठ्या कोंबडीला पिसांचे पांघरूण असते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. लव भिजली की पिल्लू गारठते, आणि गारठलेले पिल्लू लवकर मरते. पुष्कळ वेळा पिल्लू तहानेने पाण्यात उतरते, भिजते आणि सकाळी मेलेले सापडते. आपण म्हणतो, "दृष्ट लागली." दृष्ट कसली? परळ मोठे होते आणि थंडी होती.

म्हणून पिल्लांचे भांडे अगदी उथळ घ्या. त्यात धुतलेले खडे टाका. खड्यांच्या फटींतून पिल्लू चोच घालते, पण आत उतरू शकत नाही. पहिले काही दिवस पाणी कोमट द्या. उथळ पाणी लवकर गार होते, म्हणून ते दिवसातून तीन-चार वेळा बदला.

खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून फार वेळ उठत नाही. पाणी लांब असेल, तर ती तहानलेलीच बसते. तिचे भांडे तिच्या जवळ ठेवा, पण पाणी अंड्यांवर सांडणार नाही असे.

जेथे पाणी खरेच गोठते

आपल्या महाराष्ट्रातही काही ठिकाणी कडक थंडी पडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत पहाटे दव गोठून त्याचे हिमकण होतात. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे डिसेंबर २०१८ मध्ये पारा सुमारे दोन अंशांवर उतरला होता. तेथे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात.

आपल्या गावांतली पुष्कळ मुले फौजेत आहेत. ती सुटीवर आली की लडाख-काश्मीरच्या थंडीच्या गोष्टी सांगतात. लेहला हिवाळ्याच्या काही रात्री पारा शून्याच्याही खाली वीस अंशांपर्यंत जातो. अशा मुलखात परसातले पाणी दगड होते. कोंबडी चोच मारते, पण पाणी मिळत नाही. पुढे दाणा असून ती उपाशी राहते.

तेथे आणखी एक अडचण येते. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो. अकरा भांडी पाण्याचा बर्फ झाला, तर त्याला बारा भांड्यांची जागा लागते. मातीच्या भांड्यात एवढी जागा कोठून येणार? भांडे तडकते. नळसुद्धा फुटतात.

अशा ठिकाणी लोक काय करतात? रात्री भांडी रिकामी करतात. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी घालतात. काळ्या रबराचे टोपले उन्हात ठेवतात. काळा रंग ऊन अधिक शोषतो, आणि रबर बर्फाने फुटत नाही. भांड्याभोवती गवत भरलेली पेटी करतात. जेथे वीज आहे, तेथे भांड्याखाली लहान विजेची शेगडी बसवतात. मात्र गवत आणि विजेची तार जवळ आली तर आगीचे भय असते. त्यामुळे तार कोरडी आणि गवतापासून लांब ठेवावी लागते.

काही जण म्हणतात, पाण्यात मीठ टाका, मग ते गोठत नाही. मिठाचे पाणी लवकर गोठत नाही, हे खरे. पण जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते. हा उपाय कोठेही करू नये.

उन्हाळ्यात परळ बाहेर काढा

होळी झाली की ऊन तापू लागते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच एकेचाळीस अंशांच्या आसपास असते. आपल्याला घाम येतो आणि अंग निवते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर तिच्या अंगातले पाणी वाफ होऊन बाहेर जाते आणि ती थोडी निवते. मडक्याचेच हे दुसरे रूप. पण पाणी गेले तर ते भरून आले पाहिजे. पाणी गरम असेल, तर ती पुरेसे पीत नाही. मग एखाद्या दुपारी कोंबड्या पटापट मरतात, आणि आपल्याला वाटते की रोग आला.

हिवाळ्यात बाजूला ठेवलेले परळ आता बाहेर काढा. जी झिरपण हिवाळ्यात नको होती, ती आता हवी आहे. परळ दाट सावलीत ठेवा. तेथे वारा येत असला तर उत्तम. परळाखाली ओली वाळू पसरा. वाळू ओली राहिली की परळ जास्त गार राहते. दुपारी एकदा तरी पाणी बदला. पत्र्याचे भांडे उन्हात ठेवू नका. ते हां हां म्हणता तापते.

दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर घाला. दाणा पचताना अंगात उष्णता होते. भर दुपारी ती आणखी नको.

नवे परळ घेताना ते वाजवून घ्या. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजले तर ते पक्के भाजलेले आहे. बद्द वाजले तर कच्चे आहे किंवा त्याला चीर आहे. गोरोबाकाकांची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. संतांचा मेळा जमला होता. काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि कच्चे मडके कोणते ते सांगितले. संतांचे डोके ठोकायचा अधिकार त्यांचा. आपण आपले परळ ठोकून पाहावे.

टंचाईच्या दिवसांत

"माणसालाच पाणी नाही, तर कोंबडीला कोठून घालू?" असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. आपला मुलूख अवर्षणाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण हिशेब करून पाहा. दहा कोंबड्यांना कडक उन्हाळ्यातही पाच लिटर पाणी लागते. ते मध्यम घागरीच्या निम्मेही होत नाही. डाळ-तांदूळ धुतलेले ताजे पाणीसुद्धा कोंबड्यांना चालते. साबणाचे किंवा राखेने भांडी घासलेले पाणी मात्र घालू नका.

गार असो की कोमट, पाणी स्वच्छ पाहिजे

पाण्यातून रोग पसरतात. आजारी कोंबडी परळात चोच बुडवते, आणि तेच पाणी दुसरी पिते. म्हणून आजारी कोंबडी लगेच वेगळी करा आणि तिचे भांडेही वेगळे ठेवा.

परळाच्या छिद्रांत शेवाळ आणि बुळबुळीत थर धरतो. रोज काथ्याने घासून धुवा. दोन परळे ठेवली तर बरे. एक वापरात, एक उन्हात वाळत. ऊन खाल्लेले परळ स्वच्छही होते आणि पुन्हा चांगले झिरपूही लागते. परळ विटेवर ठेवा, म्हणजे कोंबड्या माती आणि विष्ठा आत उडवणार नाहीत.

मानमोडीच्या रोगाला राणीखेत म्हणतात. तो पाण्याने बरा होत नाही. त्याला लस आहे. जवळच्या गुरांच्या दवाखान्यात विचारून ती वेळेवर टोचून घ्या. काही वेळा लस पिण्याच्या पाण्यातून देतात. त्या दिवशी पाण्यात कसलेही औषध किंवा ब्लीचिंग पावडर घालू नका. लस वाया जाते.

करून पाहा

वाचलेले पटले की नाही, ते स्वतः पाहावे. थंडीतल्या एका निरभ्र रात्री तीन भांड्यांत सारखेच पाणी घाला. एक परळ उघड्या अंगणात ठेवा. दुसरे परळ ओसरीवर ठेवा. ओसरीवरच प्लॅस्टिकचे एक भांडे ठेवा. पहाटे तिन्हींत बोट बुडवा आणि आडाचे ताजे पाणीही हातावर घ्या. कोणते सर्वांत गार आणि कोणते सर्वांत कोमट, ते वहीत लिहून ठेवा. घरातल्या सुनेलाही बोट बुडवून पाहू द्या. रोज पाणी घालणारी तीच असते.

लक्षात ठेवा

१. दहा कोंबड्यांना दिवसाला अडीच लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात पाच लिटर.

२. झिरपणारी माती, रुंद तोंड, वारा आणि उघडे आभाळ यांनी पाणी गार होते.

३. हिवाळ्यात रात्री भांडे पालथे घाला. सकाळी आडाचे ताजे पाणी द्या.

४. हिवाळ्यात न झिरपणारे भांडे छपराखाली ठेवा. उन्हाळ्यात परळ सावलीत ठेवा.

५. पिल्लांच्या भांड्यात खडे टाका.

६. भांडे रोज घासा.

प्रश्न

१. तुमच्या घरी किती कोंबड्या आहेत? त्यांना हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात किती लिटर पाणी लागेल? हिशेब करा.

२. ढगाळ रात्री गारठा कमी का असतो?

३. आडाचे पाणी हिवाळ्यात कोमट का लागते?

४. बर्फ करणारे लोक परळाखाली वाळलेली ताटे का पसरीत?